फॉरमॅट मारला म्हणजे पुसले गेले? कोऱ्या पाटीच्या भ्रमाविषयी एक सूत्र

१/२०
"भाऊ, फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या."
"जुना डाटा काई ठेवायचा हाय का?"
"नाई, जुनंच हाय सारं."
पातुरात काय किंवा वऱ्हाडातील दुसऱ्या कोणत्याही तालुक्याच्या गावात काय, संगणक-दुरुस्तीच्या दुकानातील हा संवाद सर्वांच्या ओळखीचा आहे. तीन वाक्यांत निर्णय होतो, तासाभरात काम होते आणि दहा वर्षांचा लेखी ऐवज नाहीसा होतो. यातील तिसरे वाक्य इतिहासप्रेमींनी पुन्हा एकदा वाचावे. 'जुनंच हाय' हे जपण्याचे कारण असायला हवे होते. येथे ते पुसण्याचे कारण ठरले आहे.

२/२०
याच पातुरात डोंगरात कोरलेली लेणी आहेत आणि ती केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. जुन्या कागदपत्रांत गावाचे नाव 'पातूर शेख बाबू' असे सापडते. त्या नावातच गावच्या दर्ग्याची आठवण आहे. लेण्याच्या भिंतीवर कोणी खडूने नाव लिहिले की समाजमाध्यमांवर संताप उसळतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच गावाच्या गेल्या तीस वर्षांच्या नोंदी ज्या हार्डडिस्कवर आहेत ती भंगारात गेली, तर कोणाला खंतही वाटत नाही. हा दुटप्पीपणा आहे, आणि त्याच्या मुळाशी 'फॉरमॅट' या एका शब्दाविषयीचे अज्ञान आहे.

३/२०
हे अज्ञान दुहेरी आहे. काहींची समजूत अशी की फॉरमॅट केल्यावर डिस्क कोरी होते, म्हणून ती निर्धास्तपणे विकता येते. इतरांची समजूत अशी की फॉरमॅट झाल्यावर सर्व संपले, म्हणून शोध घेण्यात अर्थ नाही. पहिल्या समजुतीने खासगी माहिती उघड्यावर पडते. दुसरीमुळे वाचवता येण्याजोगे साधनही हातचे जाते. फॉरमॅट हे मूलतः आखणीचे काम आहे, पुसण्याचे नव्हे. खरा घात बहुधा त्यानंतर होतो: नवी कार्यप्रणाली जुन्या मजकुरावर लिहिली जाते तेव्हा. हे पटण्यासाठी या शब्दाचा इतिहास पाहावा लागतो.

४/२०
१९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक संगणकासोबत पहिली चुंबकीय हार्डडिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि साठवणूक सुमारे ५० लाख अक्षरांची. चुंबकीय पृष्ठभाग स्वभावतः सपाट माळरानासारखा असतो: कोठे काय ठेवले हे सांगणारी एकही खूण त्यावर नसते. खुणा आधी आखाव्या लागतात. १९७३ च्या आयबीएमच्या ८ इंची फ्लॉपीवर ७७ वर्तुळाकार ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर २६ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये १२८ बाइट अशी आखणी असे. या आखणीचेच नाव फॉरमॅट.

५/२०
ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. त्याच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक, ८ सेक्टर आणि ५१२ बाइट अशी मांडणी होती. म्हणजे १६० किलोबाइट. फ्लॉपी फॉरमॅट करताना प्रत्येक ट्रॅक नव्याने लिहिला जाई, त्यामुळे जुना मजकूर खरोखरच जाई. 'फॉरमॅट म्हणजे पुसणे' ही समजूत या काळातली आहे, आणि फ्लॉपीपुरती ती बरोबरही होती. चूक पुढे झाली: साधन बदलले, शब्द तोच राहिला, आणि जुना अर्थ नव्या साधनाला तसाच चिकटून राहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शब्दांची ही फसवेगिरी नवी नाही.

६/२०
मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटच्या हार्डडिस्कसह पीसी-एक्सटी आणि त्यासोबत डॉसची २.० ही आवृत्ती आली. येथून तयारीचे तीन टप्पे स्पष्ट होतात. पहिला, ट्रॅक व सेक्टर यांची मूळ आखणी. ही पुढे कारखान्यातच होऊ लागली. दुसरा, डिस्कचे भाग पाडणे, म्हणजे पार्टिशन. पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये अवघ्या ६४ बाइटचा तक्ता, त्यात जास्तीत जास्त चार नोंदी. तिसरा, प्रत्येक भागात फाइलींची नोंदवही उघडणे. दुकानात जे 'मारले' जाते ते बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याचे काम असते.

७/२०
वऱ्हाडातल्या वाचकाला हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६० च्या दशकात येथे मुंबई पद्धतीची जमीन-मोजणी सुरू झाली. शिवाराला हद्दीचे दगड लागले, शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, नकाशे व नोंदवह्या तयार झाल्या. मोजणीदाराने जमीन नांगरली नाही की पीक कापले नाही; त्याने फक्त रेषा ओढल्या आणि वही लिहिली. हार्डडिस्कचे फॉरमॅट म्हणजे हीच मोजणी: सेक्टर हे सर्व्हे नंबर आणि फाइल-तक्ता ही गावची नोंदवही.

८/२०
आता कल्पना करावी की कोणी ती वही फाडून तेथे कोरी वही ठेवली. शेते जागेवरच आहेत, उभे पीकही आहे. मात्र कोणते शेत कोणाचे हे सांगणारा कागद उरला नाही. सरकारच्या लेखी सगळा शिवार मोकळा झाला. हार्डडिस्कवरील 'क्विक फॉरमॅट' इतकेच करते. साधी फाइल काढून टाकण्याची क्रिया त्याहून किरकोळ: डॉसच्या फॅट पद्धतीत फाइलच्या नावाचे पहिले अक्षर एका खुणेने बदलले जाई आणि तिच्या जागा तक्त्यात मोकळ्या दाखवल्या जात. मजकूर जिथल्या तिथे राही.

९/२०
यातील अडचणही शेतीच्याच उदाहरणाने कळते. एकाच खातेदाराची जमीन शिवाराच्या तीन कोपऱ्यांत विखुरलेली असते, तशी एक फाइल डिस्कवर अनेक तुकड्यांत पसरलेली असते. फॅटच्या तक्त्यातील प्रत्येक घर पुढच्या तुकड्याचा पत्ता सांगते. तक्ता गेला की ही साखळी तुटते. सलग लिहिलेली छायाचित्रे सहज परत मिळतात, विखुरलेल्या मोठ्या फाइली अर्धवट मिळतात. म्हणजे 'सर्व परत येते' हा दावाही खोटाच. खरे उत्तर दोन्ही टोकांच्या मधे आहे, आणि ते शोधूनच काढावे लागते.

१०/२०
हे गुपित कधीच नव्हते. १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये 'अनफॉरमॅट' नावाची आज्ञाच दिलेली होती. फॉरमॅट करताना जुन्या तक्त्याची प्रत बाजूला ठेवली जाई आणि चूक झाल्यास ती परत बसवता येई. फॉरमॅट उलटवता येते हे निर्मात्यांनीच जाहीर केले होते. तरीही तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर सुशिक्षित मंडळी 'फॉरमॅट मारला, आता काय राहिलं' असे म्हणतात. लोकांना माहीत नसणे क्षम्य आहे. माहीत करून न घेता साधन भंगारात देणे क्षम्य नाही.

११/२०
या शब्दाला कालपट आहे आणि तो न पाहता दिलेले प्रत्येक उत्तर चुकते. विंडोज एक्सपीचे पूर्ण फॉरमॅट खराब सेक्टर तपासत असे. जुना मजकूर पुसत नसे. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट संपूर्ण भागावर शून्ये लिहू लागले. २००९ च्या विंडोज ७ पासून, एसएसडीवर क्विक फॉरमॅट केले तरी 'ट्रिम' नावाच्या सूचनेमुळे जुना मजकूर बहुधा लवकरच कायमचा जातो. म्हणून पहिला प्रश्न शिलालेखाबाबत विचारतात तोच: साधन कोणते आणि काळ कोणता?

१२/२०
निर्धास्तपणे डिस्क विकणाऱ्यांसाठी एक पुरावा. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या अमेरिकी संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्डडिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतल्या १२९ पैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती आणि क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक निघाले. काही डिस्क तर फॉरमॅट केलेल्याही होत्या. 'फॉरमॅट मारून विकली' या वाक्यात सुरक्षितता नाही. आहे ती फक्त मालकाची समजूत.

१३/२०
मग जुना मजकूर नेमका केव्हा मरतो? त्याच जागेवर नवे लिहिले जाते तेव्हा. विंडोज एक्सपी बसवायला सुमारे दीड गिगाबाइट मोकळी जागा लागे. विंडोज ७ च्या ६४-बिट आवृत्तीची मागणी २० गिगाबाइटची. चाळीस गिगाबाइटच्या जुन्या डिस्कवर ती टाकली की निम्मी डिस्क नव्या कार्यप्रणालीच्या वाट्याला जाते. 'फॉरमॅट मारून विंडोज टाका' या जोडवाक्याचा पूर्वार्ध वही फाडतो; उत्तरार्ध शेतांवर नांगर फिरवतो. दुकानात हे दोन्ही एका दमात होते. मधे थांबण्याची संधी कोणी मागत नाही, म्हणून ती मिळतही नाही.

१४/२०
जुना मजकूर खरवडून त्यावर नवे लिहिण्याची रीत संगणकाआधीची आहे. दहाव्या शतकात आर्किमिडीजच्या ग्रंथांची एक चर्मपत्रावरील प्रत तयार झाली. तेराव्या शतकात ती खरवडून तिच्यावर प्रार्थनापुस्तक लिहिले गेले. १९०६ मध्ये हायबर्ग या अभ्यासकाने प्रार्थनांच्या ओळींखाली आर्किमिडीज ओळखला आणि शतकाअखेरीस सुरू झालेल्या प्रकल्पात विविध प्रकाशलहरी व क्ष-किरण यांच्या साहाय्याने बराच मजकूर वाचला गेला. चर्मपत्राने सातशे वर्षांनंतर दगा दिला नाही. आधुनिक हार्डडिस्क इतकी दयाळू नाही: तिच्यावर एकदा नवे लिहिले गेले की खालचे वाचण्याची व्यवहार्य रीत उरत नाही.

१५/२०
मराठी साधनांवर तर आणखी एक संकट आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही मराठी छपाई श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या प्रणालींवर चाले. यांच्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच होती, पण विंडोजमध्ये तिचा आधार प्रथम विंडोज २००० सोबत आला आणि छपाईची दुकाने त्यानंतरही जुन्याच फॉन्टांवर राहिली. त्या काळची फाइल योग्य फॉन्टाशिवाय उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते.

१६/२०
म्हणून 'कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, मग फॉरमॅट केले' हा बचाव तोकडा पडतो. कामाच्या फाइली म्हणजे बहुधा डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स. फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असतात, ते मागे राहतात. छपाईचे सॉफ्टवेअर मागे राहते. फाइल केव्हा बदलली, कोणत्या फोल्डरात होती, तिच्या आधीचे मसुदे कोणते, हेही मागे राहते. उत्खननात थर न नोंदता केवळ नाणी उचलून आणणाऱ्याला पुरातत्त्वज्ञ काय म्हणतील? डिस्कलाही थर असतात. एखादी फाइल उचलणे म्हणजे नाणे उचलणे. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे म्हणजे खड्ड्याची नोंद ठेवणे.

१७/२०
पहिला आक्षेप ठरलेला: असे काय मोठे असते तालुक्याच्या गावातल्या डिस्कवर? लग्नपत्रिका, निधनवार्ता, जत्रेची हस्तपत्रके, निवडणुकीची पत्रके, शाळेच्या स्मरणिका, छायाचित्रकाराने टिपलेले उरूस आणि मिरवणुका. हे क्षुल्लक वाटत असेल, तर दानपत्रे आणि हिशेबाचे रुमाल यांना महत्त्व देण्याचेही कारण उरत नाही. ताम्रपट हाही त्या काळातला जमिनीचा दस्तऐवजच होता. १९१० च्या अकोला जिल्हा गॅझेटिअरमध्ये गावांविषयी जे लिहिले आहे ते कारभाऱ्यांच्या नजरेतून. लग्नपत्रिकेत गाव स्वतःच्या शब्दांत बोलते. नावे, नाती, आडनावे, देवके, पत्ते: सामाजिक इतिहासाला आणखी काय लागते?

१८/२०
दुसरा आक्षेप वजनदार आहे: या डिस्कवर लोकांची खासगी माहिती असते, ती जपायची कशाला? उत्तर असे की केवळ फॉरमॅट करून विकल्याने ती माहिती सुरक्षित होत नाही, हे वर दिसलेच. प्रामाणिक मार्ग दोन टप्प्यांचा आहे. आधी मालकाच्या संमतीने प्रतिमा घेऊन ती कुलूपबंद ठेवावी आणि काय, केव्हा खुले करायचे हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. मग मूळ डिस्क विकायची असेल तर तिच्यावर सर्वत्र नवे लिहून ती खरोखर पुसावी. चुंबकीय डिस्कला असे एकदा केलेले अधिलेखनही पुरते. आणि मालकाने नाही म्हटले, तर तो शब्द अंतिम मानावा. 'सगळे मोबाइलवर आणि क्लाउडवर असतेच' या तिसऱ्या आक्षेपाला एवढेच उत्तर पुरे, की २००४ सालची पत्रिका क्लाउडवर कोणी चढवलेली नसते.

१९/२०
खर्चाची सबबही टिकत नाही. २००० च्या दशकातील डिस्क ४० किंवा ८० गिगाबाइटच्या. आजच्या १ टेराबाइटच्या एका डिस्कवर ८० गिगाबाइटच्या १२ प्रतिमा मावतात. रीत अशी: जुना संगणक सुरूच करू नये, कारण सुरू होतानाच तो डिस्कवर लिहू लागतो. डिस्क काढून, शक्यतो लेखन रोखणाऱ्या साधनातून, दुसऱ्या संगणकाला जोडावी. खटखट आवाज आल्यास लगेच थांबून जाणकाराकडे न्यावी. डीडीरेस्क्यूसारख्या मोफत प्रणालीने संपूर्ण प्रतिमा घ्यावी, तिचा हॅश नोंदवावा, आणि डिस्क कोणाची, कोठली, कोणत्या वर्षांची हे कागदावर लिहून सोबत ठेवावे. टेस्टडिस्क, फोटोरेक यांचे प्रयोग नंतर, आणि केवळ प्रतिमेवर.

२०/२०
गडावर कचरा वेचण्याच्या मोहिमा निघतात, वीरगळ उभे केले जातात, मोडी वाचनाचे वर्ग भरतात. ही कामे थोर आहेत. पण त्यांतल्या किती जणांनी आपल्या गावच्या छपाईच्या दुकानात जाऊन 'जुना संगणक भंगारात देण्याआधी एकदा कळवा' एवढे सांगितले आहे? पातूरची लेणी शतकानुशतके उघड्या डोंगरात टिकली, कारण दगड वाट पाहू शकतो. हार्डडिस्कची यंत्रणा वाट पाहत नाही, आणि दुकानातला मुलगा तर मुळीच नाही. त्याला संध्याकाळपर्यंत चार संगणक द्यायचे असतात. त्याने "जुना डाटा काई ठेवायचा हाय का?" असे विचारले की उत्तर द्यायला इतिहासाचा एक विद्यार्थी तेथे उभा असावा, आणि ते उत्तर 'हो' असावे.
(सूत्र समाप्त)